सेबोर्गा : फ्रान्सच्या सीमेजवळचं तीनशे वस्तीचं डोंगरी गाव. आईबाबांना घेऊन जावं का?

शेवंती

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या शेवटी माझे आईबाबा पहिल्यांदाच परदेशी येतायत, फ्रान्समध्ये नीसला आमच्याकडे. पंधरा दिवस राहतील. समुद्र, मोनॅको, कान शहर हे तीन-चार दिवसांत बघून होईल. पण बाबांचा जीव तिथे फार रमणार नाही हे मला आत्ताच माहीत आहे. त्यांनी पुरंदर तालुक्यात पस्तीस वर्षं फुलशेती केली, निशिगंध आणि शेवंती. कुठेही गेलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "इथं काय पिकतं?"

नकाशात शोधताना सीमेपलीकडे इटलीत, बोर्दिगेराच्या वर डोंगरात सेबोर्गा नावाचं गाव दिसलं. उंची साधारण पाचशे मीटर. हे गाव म्हणे स्वतःला स्वतंत्र संस्थान मानतं, त्याची निवडून आलेली राजकन्या आहे, झेंडा आहे, नाणीही आहेत. हे खरंच काही आहे, की पर्यटकांसाठी केलेली सजावट? आईचे गुडघे दुखतात, तेव्हा चढउतार कितपत आहे? आणि मुख्य म्हणजे, बाबांना तिथे काही बघण्यासारखं मिळेल का? कुणी गेलं असेल तर जरूर लिहा.

उनाड_पाऊल

दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. गाव फिरायला दोन तास पुष्कळ झाले. रस्त्यात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पहाऱ्याची चौकी लागते, मग दगडी गल्ल्या, सान मार्तिनोचं चर्च, जुन्या वाद्यांचं छोटं संग्रहालय, आणि चौकातून खाली थेट समुद्र. हवा स्वच्छ असेल तर किनारपट्टी लांबवर दिसते.

एक सूचना: आठवण म्हणून कुठे शिक्का मारून घ्यायचा झाला तर वहीत घ्या. भारतीय पासपोर्टच्या पानावर हौसेचे शिक्के नकोत, पुढच्या व्हिसाच्या वेळी नसती चौकशी लागते.

मोडीवाचक

शेवंतीताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण या गावाचा दावा आपल्याकडच्या जमिनीच्या कज्ज्यांसारखाच आहे.

गावाची परंपरा अशी की ९५४ साली वेंतिमिल्याचा सरदार गुइदो याने हा मुलूख लेरँसच्या मठाला दान दिला. लेरँस म्हणजे कान शहरासमोरच्या बेटावरचा, तेव्हा बेनेडिक्टाइन असलेला ख्रिस्ती मठ, तुमच्या घरापासून फार दूर नाही. आपल्याकडची देवस्थान इनामं आठवा, तसाच प्रकार. ते दानपत्र मागाहून तयार केलेलं आहे असं अभ्यासकांचं मत आहे, पण मठाची सत्ता इथे शतकानुशतकं होती यात वाद नाही. मठाधिपती हाच इथला राजा. १६६६ मध्ये मठाने गावात टांकसाळसुद्धा काढली.

पुढे मठ कर्जात गेला आणि २० जानेवारी १७२९ रोजी हा मुलूख साव्होय घराण्याच्या व्हित्तोरिओ आमेदेओ दुसरा याला विकला. तो तेव्हा सार्डिनियाचा राजा होता. गावाचा सगळा युक्तिवाद या विक्रीवर उभा आहे. त्यांचं म्हणणं, व्यवहार झाला पण त्याची रीतसर नोंद झालीच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर खरेदीखत झालं, फेरफार झाला नाही, सातबारावर नाव चढलं नाही. नेपोलियननंतर युरोपच्या सीमा ठरवणाऱ्या १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत सेबोर्गाचा उल्लेख नाही, १८६१ मध्ये इटली एक झाली तेव्हाही नाही. म्हणून आम्ही कधी कुणाचे झालोच नाही, असा त्यांचा दावा.

तर्कट

मोडीवाचक, लिहिलंत छान, पण निकाल काय ते सांगायचं राहिलं. जगातला एकही देश सेबोर्गाला मान्यता देत नाही. तिथले लोक इटलीला कर भरतात, इटलीच्या निवडणुकीत मत देतात, गावाला इटलीच्या कायद्यानुसार महापौर आहे. नोंद झाली नाही म्हणून सार्वभौमत्व टिकतं हे मला पटत नाही. तीनशे वर्षं ज्याचा अंमल चालला, त्याचं ते राज्य. वहिवाट हा शब्द आपल्याकडे उगाच आलेला नाही.

मोडीवाचक

@तर्कट, कायद्याच्या अंगाने तुमचं म्हणणं बरोबरच आहे. मला त्या दाव्याच्या जय-पराजयापेक्षा एका खेड्याने आपले जुने कागद वाचले, जपले, त्यावर एकत्र बसून चर्चा केली याचं अप्रूप वाटतं. आमच्या गावच्या वाड्यातल्या सनदा वाळवीने खाल्ल्या आणि कुणाला पत्ता नव्हता. ते दुःख माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

आंबोळी

टांकसाळीचा विषय निघाला म्हणून अवांतर. त्या नाण्याचं नाव लुइजीनो. फ्रान्सच्या पाच सू किमतीच्या छोट्या चांदीच्या नाण्यावरून लिग्युरियातल्या, म्हणजे इटलीच्या याच किनारी प्रांतातल्या, छोट्या छोट्या संस्थानिकांनी सतराव्या शतकात ही नाणी पाडली, आणि ती खपली तुर्कस्तानाकडे. तिथल्या बायकांना ही सुबक नाणी इतकी आवडायची की त्या दागिन्यांत ओवत. मला लगेच आजीची पुतळ्यांची माळ आठवली! नाणं चलनातून उठून गळ्यात गेलं की त्याचं आयुष्य वाढतं. पुढे टांकसाळवाल्यांनी चांदी कमी कमी करत नेली आणि तो व्यापार बुडाला.

आताचा सेबोर्गाचा लुइजीनो सहा अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे. शेवंती, एक माझ्यासाठी आण गं, माळेत ओवीन. :)

रूळवेडा

कुणी रेल्वेचं नाव काढलं नाही म्हणून मीच काढतो. बाबांना डोंगर आवडत असतील तर वेंतिमिल्याहून कुनिओला जाणारी गाडी चुकवू नका. १९२८ मध्ये सुरू झालेला मार्ग, इटलीत सुरू होतो, मधे फ्रान्समध्ये शिरतो आणि पुन्हा इटलीत बाहेर पडतो. दुसऱ्या महायुद्धात पूल उद्ध्वस्त झाले आणि पुरा मार्ग परत सुरू व्हायला १९७९ उजाडलं. ऑक्टोबर २०२० च्या वादळात रोया नदीच्या खोऱ्याची वाताहत झाली, तेव्हा रस्ता वाहून गेलेल्या वरच्या गावांना याच रुळांनी आधार दिला. डोंगराच्या पोटात गोल वळसा घेऊन वर चढणारे बोगदे आहेत. मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. त्या गाडीसाठी एक अख्खा दिवस ठेवा.

शेवंती

किती माहिती दिलीत सगळ्यांनी! मोडीवाचक, सातबाराचं उदाहरण फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तलाठ्याला धरायला पाहिजे होतं." आंबोळीताई, नाणं नक्की.

फुलांचं कुणी सांगेल का? मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिथे काय असेल?

पिवळा_चाफा

तुमचा प्रश्न माझ्यासाठीच आहे असं समजून लिहिते. मी फुलांच्या निर्यातीत काम केलं आहे आणि सान रेमोचा फुलबाजार आतून पाहिला आहे. सान रेमो ते वेंतिमिल्या या पट्ट्याला इटलीत 'फुलांचा किनारा' म्हणतात. बाबांना अगदी योग्य वेळी, योग्य जागी नेताय.

मार्च म्हणजे मिमोझा. इटलीत ८ मार्चला, महिला दिनाला, बायकांना मिमोझाची पिवळी डहाळी देतात. ही प्रथा १९४६ पासूनची. युद्ध नुकतंच संपलेलं, हातात पैसा नाही, तेव्हा डाव्या चळवळीतल्या बायकांनी असं फूल निवडलं की जे त्या हंगामात भरपूर फुलतं आणि कुणालाही परवडतं. तेरेसा मात्तेई हे त्यातलं ठळक नाव. त्या एका दिवसासाठी या डोंगरांतले शेतकरी वर्षभर राबतात.

मिमोझाला आपण परकं समजायचं कारण नाही. ते आपल्या बाभळीचं भावंड. मूळ ऑस्ट्रेलियातलं. तशीच पिसासारखी पानं, तशीच गोल पिवळी लोकर. काटे मात्र नाहीत. आता बाबांसाठी दोन गोष्टी. एक, या झाडाला चुनखडीची जमीन सोसत नाही, म्हणून ते चुनखडी सोसणाऱ्या त्याच्याच दुसऱ्या जातीच्या खुंटावर कलम करतात. दुसरं, डहाळ्या कळीत असतानाच कापतात आणि बंद, दमट खोलीत ठेवतात, तापमान पंचविसाच्या आसपास. एक-दोन दिवसांत सगळ्या कळ्या एकदम उमलतात. त्यामुळे तारीख गाठता येते. आंबा आढीत घालतो ना, मला पहिल्यांदा तीच आठवण झाली.

सेबोर्गाच्या आसपास मिमोझाबरोबर पिवळी जेनिस्ता आणि पुष्पगुच्छात घालायच्या हिरव्या पाल्यासाठी निलगिरी लावतात. उतारावर पायऱ्या पायऱ्यांची शेतं, आणि प्रत्येक पायरीला चुन्याशिवाय रचलेली दगडी पौळ.

दवबिंदू

पिवळा_चाफा, सुंदर! आणि यात गावाच्या कथेचा खरा धागा आहे, तो मी जोडते. सेबोर्गाचा दावा १९६३ मध्ये ज्यांनी उभा केला ते जॉर्जिओ कार्बोने कोण होते? गावातल्या फूलउत्पादकांच्या सहकारी संस्थेचे प्रमुख. मिमोझा पिकवणारा माणूस. गावाने त्यांना राजपुत्र म्हणून निवडलं आणि २००९ मध्ये वारले तोपर्यंत ते त्या पदावर होते.

@तर्कट, तुम्ही मान्यता नाही म्हणता ते खरं. पण हेही बघा की लिग्युरियातली डोंगरातली कितीतरी गावं रिकामी झाली. तरुण किनाऱ्यावर गेले, हॉटेलांत लागले, वरच्या पौळी ढासळल्या. तीनशे वस्तीच्या गावाकडे जगाने वळून बघावं यासाठी या माणसाने एक जुना कागद हाती धरला. सहकारी संस्थेचा अध्यक्ष असा विचार करतो हे महाराष्ट्रातल्या माणसाला तरी समजायला हवं.

तर्कट

दवबिंदू, कार्बोने फूलउत्पादक होते हे मला माहीत नव्हतं. मी आधी ज्या सुरात लिहिलं तो मागे घेतो, मुद्दा मात्र ठेवतो. १९९५ मध्ये गावाने स्वतःच्या घटनेवर मतदान घेतलं, ३०४ बाजूने आणि ४ विरुद्ध. पुढे काय झालं? कर इटलीचाच, शाळा इटलीचीच, दवाखाना इटलीचाच. लोकांची भावना खरी आहे, आणि राज्य इटलीचं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मला त्या चार जणांबद्दल कुतूहल आहे. तीनशे वस्तीच्या गावात विरुद्ध मत देऊन दुसऱ्या दिवशी त्याच चौकात कॉफी प्यायला जायचं, याला धैर्य लागतं.

दवबिंदू

हे मात्र मान्य. आणि गाव तेही सोसतं, हे त्याहून मोठं. कार्बोनेंच्या नंतर मार्चेल्लो मेनेगात्तो निवडले गेले, २०१९ मध्ये ते पायउतार झाले तेव्हा परत निवडणूक झाली. एका बाजूला नीना मेनेगात्तो, दुसऱ्या बाजूला कार्बोनेंची मुलगी. जिंकल्या नीना, ज्या मूळच्या जर्मनीच्या. वारसा हक्काने काही मिळालं नाही आणि बाहेरून आलेल्या बाईला गावाने निवडलं. आपली संस्थानं विलीन झाली त्याआधी अशी निवडणूक कितीशा गाद्यांनी पाहिली?

निपाणीकर

बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज लिहावंसं वाटलं. तो सगळा पट्टाच सीमेने हललेला आहे. नीस १८६० मध्ये फ्रान्सकडे गेलं. रोया खोऱ्यातली तेंदा आणि ब्रिगा ही गावं तेव्हा इटलीकडे राहिली आणि १९४७ मध्ये तीही फ्रान्सकडे गेली. म्हणजे १९४० साली जन्मलेल्या माणसाचं घर तेच, विहीर तीच, आणि सातव्या वर्षी देश वेगळा, शाळेची भाषा वेगळी.

आमच्या आजोबांचं घर १९५६ नंतर असंच दुसऱ्या राज्यात गेलं. देश बदलला नाही हे खरं, म्हणून मी दोन्ही एका मापाने मोजत नाही. पण सातबारा ज्या भाषेत वाचत आलो ती कचेरीतून गेली की घरातली म्हातारी माणसं कशी गप्प होतात ते मी पाहिलंय. म्हणून सेबोर्गाच्या माणसाने "आम्ही कोण?" असं विचारलं तर मला तो प्रश्न मनापासून कळतो.

मोडीवाचक

निपाणीकर, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं.

सुगरण_नाही_पण

आईंच्या खाण्याचं कुणी बोललं नाही. शाकाहारी असतील तर काळजी नको. बेसनाचं जाड धिरडं, भट्टीत भाजलेलं, इटलीच्या बाजूला फारिनाता आणि नीसला सोक्का म्हणतात. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. बस्स! माझ्या सासूबाईंनी पहिल्या घासाला विचारलं, "यात ओवा का नाही घातला?" अक्रोडाच्या वाटणातले पान्सोती मिळाले तर तेही द्या, आत पालेभाजी आणि चीज असतं. सान रेमोच्या बाजूची सार्देनाइरा मात्र टाळा, दिसायला टोमॅटोचा जाड पाव, पण वर मासे असतात. डोंगरातल्या खानावळींत ससा आणि बकरी-घेवडा हे मुख्य पदार्थ, तेव्हा आधी विचारून घ्या.

उनाड_पाऊल

आणि गुडघ्यांचं. गाव लहान आहे पण गल्ल्या दगडी आणि उताराच्या. चौकात बसायला जागा आहे, आईंना तिथे बसवून तुम्ही फिरू शकता. गावाचं बोधवाक्यही लॅटिनमध्ये सावलीत बसण्याबद्दलच आहे! बोर्दिगेराहून बस आहे पण फेऱ्या कमी, वयस्कर माणसं असतील तर गाडीच बरी.

सीमेवर शेंगेनमुळे वेगळा व्हिसा लागत नाही, पण २०१५ पासून फ्रान्सने तपासणी परत सुरू केली आहे. येताना सीमेवरच्या मांतों गावाशी गाडी थांबवतात. मूळ पासपोर्ट जवळ हवेत, फोटो चालत नाही.

रूळवेडा

परतीच्या वाटेवर वेळ उरला तर दोल्चेआक्वा. दोरिया घराण्याचा पडका किल्ला आणि त्याखाली तेहतीस मीटरची एकच कमान असलेला पूल. १८८४ मध्ये मोने हा चित्रकार बोर्दिगेराला तीन आठवड्यांसाठी आला आणि जवळजवळ तीन महिने राहिला, तेव्हा त्याने हा पूल रंगवला. रेल्वेचा पूल नाही तरी शिफारस करतोय, यावरून समजा.

शेवंती

मंडळी, जाऊन आलो. ६ मार्चला. दोन दिवसांनी लिहितेय.

गाडीने गेलो. बोर्दिगेरा सोडून वर चढायला लागलो तसे बाबा खिडकीकडे सरकले. पहिल्या पायऱ्या दिसल्या आणि म्हणाले, "या तर आपल्या ताली!" पौळ कशी रचलीय, खालचे दगड किती मोठे, पाण्याला वाट कुठे ठेवलीय, सगळं चालत्या गाडीतून. चौकीपाशी आईचा फोटो काढला. आई चौकात बसली, समोर समुद्र, मांडीवर घरून नेलेले दशम्यांचे डबे. तिने आम्हाला सांगून टाकलं, तुम्ही फिरा, मला इथून काही हलायचं नाही.

गाव बघून झालं, आंबोळीताईंचं नाणं घेतलं. आणि परतताना गावाखालच्या वळणावर एक सत्तरीचे गृहस्थ छोट्या टेम्पोत मिमोझाच्या पेंड्या भरत होते. बाबांनी गाडी थांबवायला लावली. मला इटालियन जेमतेम येतं. मी सांगितलं, माझे वडील भारतात फुलं पिकवतात. त्या माणसाने हातातली सुतळी खाली ठेवली, हात पुसले आणि बाबांशी हस्तांदोलन केलं.

पुढचा पाऊण तास मी फक्त दुभाषी. बाबांनी फोनवर निशिगंधाचं शेत दाखवलं. त्यांनी विचारलं, किलोवर विकता की नगावर? बाबा म्हणाले, सुटी फुलं किलोवर, दांडे जुडीवर. आमचं सगळं किलोवर, ते म्हणाले. मग भाव. मग दलाल किती घेतो. इथे मला भाषांतराची गरजच पडली नाही, दोघांनी एकदमच मान हलवली. मग बाबांनी कलमाचं विचारलं. (पिवळा_चाफा, तुमच्यामुळे!) ते आम्हाला खालच्या तालीवर घेऊन गेले आणि एका झाडाच्या बुंध्याशी, सांधा जिथे जाड होतो तिथे, बाबांचा हात धरून ठेवला. बाबा बराच वेळ तो सांधा चाचपत होते.

कळ्या उमलवायची खोलीही पाहिली. दार उघडल्यावर गरम, ओली हवा आणि मधासारखा वास. बाबांनी विचारलं, दिवस चुकला तर? तो माणूस म्हणाला, नवव्या तारखेला याला कुणी विचारत नाही. बाबा मला म्हणाले, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा झेंडू."

राजकन्येबद्दलही विचारलं. स्वतंत्र आहात का तुम्ही? ते हसले, पायाखालच्या मातीकडे बोट दाखवलं आणि काहीतरी बोलले, ते त्यांच्या बोलीत होतं, मला कळलं नाही. बाबांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं काय म्हणाले? म्हणाले, "पौळ पडली की मीच उचलतो, असं म्हणाले असतील."

निघताना त्यांनी आईसाठी मोठी डहाळी दिली, पैसे घेतले नाहीत. चौकात आईच्या हातात दिली तेव्हा ती म्हणाली, "बाभळीला कुणी असं कागदात गुंडाळतं का?" आज आठ मार्च. डहाळी स्वयंपाकघरात तांब्यात ठेवलीय, निम्मी पिवळी पूड ओट्यावर पडलीय, आणि आई ती पुसू देत नाहीये.

तर्कट

शेवंतीताई, त्या गृहस्थांची बोली लिग्युरियन असणार. शब्द आठवत असतील तर जसे ऐकलेत तसे लिहा, ओळखीचं कुणी असेल तर विचारून बघतो.

शेवंती

एकच शब्द दोनदा आला, 'मासेई'सारखा काहीतरी. बाबा म्हणतायत नऊ तारीख उलटली की त्यांना सवड असेल, परत जाऊन त्यांनाच विचारू. सोमवारी जातोय. आईने या वेळी दशम्या जास्त करायला घेतल्यात.